पन्हाळ्याचा बेसॉल्ट, मेरापीचा अँडेसाइट आणि पाण्याचा हिशेब

आपल्या पत्रातला प्रश्न थोडक्यात असा आहे: कोल्हापूरच्या आसपासचा काळा दगड ज्वालामुखीचा आणि जावा बेटावरच्या मेरापीचा राखाडी दगडही ज्वालामुखीचाच, असे असताना सूक्ष्मदर्शकाखाली दोघांतली खनिजे वेगळी का दिसतात, त्यांच्या रासायनिक पृथक्करणाचे आकडे एकमेकांपासून इतके दूर का पडतात, आणि एखाद्या जुन्या खडकाचे नुसते पृथक्करण पाहून तो सबडक्शन क्षेत्रात, म्हणजे एक भूपट्ट दुसऱ्याखाली सरकतो अशा ठिकाणी, तयार झाला होता असे सांगता येते का? पहिल्या दोन भागांचे उत्तर बऱ्याच अंशी एकच आहे आणि ते म्हणजे पाणी. तिसऱ्या भागाचे उत्तर ‘कधी कधी’ असे आहे. या ‘कधी कधी’कडे काणाडोळा केल्यामुळे घाईचे निष्कर्ष काढलेले बरेच प्रबंध माझ्या वाचनात आले आहेत, म्हणून त्याविषयी शेवटी विस्ताराने लिहितो.

तुलनेसाठी आधी पायाखालचा खडक घेऊ. जोतिबाच्या डोंगराजवळच्या एखाद्या दगडखाणीतून ताजा, न कुजलेला तुकडा घेऊन त्याचा पातळ छेद केला, तर लॅब्रॅडोराइट जातीच्या प्लॅजिओक्लेजच्या (कॅल्शियम-सोडियमयुक्त फेल्डस्पारच्या) लांबट पट्ट्या, त्यांच्या मधल्या जागेत ऑगाइट आणि पिजनाइट ही पायरोक्सीन, आणि टायटॅनियमयुक्त मॅग्नेटाइट व इल्मेनाइट यांचे अपारदर्शक कण दिसतात. उरलेल्या फटींत काच असते आणि ती बहुधा हिरवट-तपकिरी मृद्खनिजांत बदललेली असते. पोकळ्यांतली झिओलाइट, कॅल्साइट आणि गारगोटी ही खडक गोठल्यावर मागाहून भरलेली. मूळ शिलारसाबद्दल (वितळलेल्या खडकाबद्दल) ती काही सांगत नाहीत. हॉर्नब्लेंड जवळजवळ कधीच आढळत नाही. रसायनाच्या अंगाने पाहिले तर सिलिका साधारण ४८ ते ५१ टक्के, अ‍ॅल्युमिना १३ ते १५ टक्के, एकूण लोह ऑक्साइड १२ ते १४ टक्के आणि टायटॅनियम डायऑक्साइड बहुतेक ठिकाणी २ ते ३ टक्के असा दख्खनच्या थोलिआइट बेसॉल्टचा ताळेबंद असतो. भूशास्त्रात ज्या लाव्हाथरांच्या गटाला पन्हाळ्याचेच नाव मिळाले आहे, त्या पन्हाळा रचनेत टायटॅनियम थोडे कमी, २ टक्क्यांच्या आसपास भरते. हा सगळा शिलारस सुमारे ६.६ कोटी वर्षांपूर्वी भूखंडाच्या आतल्या भागात वर आला. प्रावरणाचा, म्हणजे कवचाखालच्या थराचा, उष्ण भाग वर चढत गेला, त्याच्यावरचा दाब उतरत गेला आणि दाब उतरल्यामुळेच तो अंशतः वितळला. या वितळण्यात पाण्याचे काम फार थोडे होते.

मेरापीखाली घडते ते वेगळे. हिंदी महासागराचा तळ जावाच्या दक्षिणेकडील खोल गर्तेतून वर्षाला सहा-सात सेंटिमीटर गतीने बेटाखाली सरकत आहे. हा भूपट्ट भोवतालच्या प्रावरणापेक्षा पुष्कळ थंड असतो, आणि थंड वस्तू आत गेल्यावर प्रावरण वितळावे कसे, ही शंका रास्त आहे. पण तो कोरडा नसतो. समुद्रतळाशी असताना कोट्यवधी वर्षे खारे पाणी त्याच्या भेगांतून फिरलेले असते. त्यामुळे त्याच्या बेसॉल्टमध्ये क्लोराइट व अँफिबोल आणि त्याखालच्या पेरिडोटाइटमध्ये (प्रावरणाच्या खडकात) ठिकठिकाणी सर्पेंटाइन तयार झालेले असते. सर्पेंटाइनच्या वजनात सुमारे १२ ते १३ टक्के पाणी असते, आणि अधिक खोलीवर तयार होणाऱ्या लॉसोनाइटमध्ये सुमारे ११ टक्के. अर्थात हे पाणी स्फटिकाच्या जाळीत बांधलेले असते. भूपट्ट खाली जातो तसतसे दाब आणि तापमान वाढतात, ही खनिजे एकामागून एक मोडतात आणि सुटलेले पाणी वरच्या प्रावरणात शिरते. कोरड्या पेरिडोटाइटला वितळण्यासाठी जे तापमान लागते, त्यापेक्षा शेकडो अंश कमी तापमानाला पाणी मिळालेला पेरिडोटाइट वितळू लागतो. ज्वालामुखींची रांग बुडणाऱ्या भूपट्टाच्या माथ्यापासून सरासरी सुमारे १०० किलोमीटर वर, गर्तेला समांतर अशी उभी राहते ती या यंत्रणेमुळे. तिची नेमकी जागा ठरण्यात प्रावरणातल्या उष्णतेच्या वाटपाचाही हात असतो.

शिलारसात पाणी किती होते हे गोठलेल्या लाव्ह्यावरून कळत नाही, कारण बाहेर पडतानाच ते वाफ होऊन निघून जाते. त्यासाठी ऑलिव्हिनच्या स्फटिकांत अडकून राहिलेले शिलारसाचे सूक्ष्म थेंब मोजावे लागतात. गेल्या तीन-चार दशकांत अवरक्त वर्णपटमिती आणि आयन प्रोब यांच्या साहाय्याने जगभरच्या ज्वालामुखी-कमानींतले (सबडक्शनवर उभ्या राहिलेल्या ज्वालामुखींच्या रांगांतले) असे थेंब मोजले गेले, आणि कमानीतल्या बेसॉल्ट शिलारसात उद्रेकापूर्वी वजनाने सरासरी ४ टक्क्यांच्या आसपास पाणी असते असे दिसून आले. मध्यसागरी पर्वतरांगांच्या बेसॉल्टमध्ये हेच प्रमाण साधारण ०.१ ते ०.३ टक्के असते. चार टक्के ऐकायला किरकोळ वाटतात, परंतु पाण्याचा रेणू हलका असल्यामुळे वजनातले ४ टक्के म्हणजे रेणूंच्या संख्येत बराच मोठा वाटा होतो. स्फटिक कोणत्या क्रमाने जन्मतील हे या वाट्यावर अवलंबून असते.

याचा सर्वांत स्पष्ट परिणाम प्लॅजिओक्लेजवर दिसतो आणि तोच विद्यार्थ्यांकडून सर्वांत जास्त दुर्लक्षिला जातो. सिलिका आणि अ‍ॅल्युमिना यांची चौकट जोडून फेल्डस्पार बनते. शिलारसात पाणी विरघळले की ही जोडणी तुटत जाते, त्यामुळे प्लॅजिओक्लेज उशिरा, कमी तापमानाला स्फटिकरूप घेऊ लागते. तोवर ऑलिव्हिन आणि ऑगाइट वेगळे होत राहतात, अ‍ॅल्युमिना शिलारसातच साठत जाते आणि १७ ते १९ टक्के अ‍ॅल्युमिना असलेला बेसॉल्ट तयार होतो. जपानी पेट्रोलॉजिस्ट हिसाशी कुनो यांनी १९६० मध्ये ज्या ‘उच्च-अ‍ॅल्युमिना बेसॉल्ट’चे वर्णन केले, त्याचा उगम समजून घेताना हे लक्षात ठेवावे. दुसरा परिणाम असा की जेव्हा प्लॅजिओक्लेज अखेरीस अवतरते, तेव्हा ते कॅल्शियमने विलक्षण समृद्ध असते. स्फटिकातले आणि शिलारसातले कॅल्शियम-सोडियम गुणोत्तर ताडून पाहिले तर कोरड्या शिलारसात दोघांत फारसा फरक पडत नाही. ६ टक्के पाणी असलेल्या शिलारसात मात्र स्फटिकातले गुणोत्तर पाचपटींहून अधिक होते, हे सिसन आणि ग्रोव्ह यांनी १९९३ मध्ये प्रयोगांनी दाखवले. म्हणून कमानीतल्या बेसॉल्टमध्ये अ‍ॅनॉर्थाइटचा अंश ९० टक्क्यांहून अधिक असलेले प्लॅजिओक्लेज सापडते, तर दख्खनच्या बेसॉल्टात तो बहुधा ५० ते ७० टक्क्यांच्या दरम्यान राहतो. आपल्याकडे इलेक्ट्रॉन मायक्रोप्रोबची सोय नसली तरी विलोपन-कोनावरून (छेद फिरवताना स्फटिक ज्या कोनाला काळा पडतो त्यावरून) एवढा फरक साध्या ध्रुवण सूक्ष्मदर्शकावरही पकडता येतो.

अँडेसाइटमधले प्लॅजिओक्लेज आणखी एका कारणाने पाहण्यासारखे असते. त्याच्या मोठ्या स्फटिकांत एकावर एक वलये दिसतात. कुठे कॅल्शियम वाढलेले, कुठे सोडियम, मध्येच एखादे वलय चाळणीसारखे छिद्रे पडलेले आणि त्यांत काच भरलेली. शांतपणे थंड होणाऱ्या एकाच शिलारसात स्फटिकाची घडण अशी वरखाली होत नाही. खालून नवा, अधिक उष्ण शिलारस येऊन मिसळला, स्फटिक अर्धवट विरघळला, पुन्हा वाढला, दाब बदलला, पाणी गेले, असा सगळा इतिहास त्या वलयांत नोंदलेला असतो. अशा खडकात मोठ्या स्फटिकांचे प्रमाण अनेकदा ३० ते ५० टक्के असते, आणि त्यांतले सगळे स्फटिक ज्या शिलारसात सापडले त्याच शिलारसात जन्मलेले असतात असे गृहीत धरणे धोक्याचे असते.

हॉर्नब्लेंडकडे वळतो, कारण आपल्या पत्रातला ‘काळ्या सुयांचा’ उल्लेख बहुधा त्याचाच आहे. हॉर्नब्लेंडच्या रचनेतच हायड्रॉक्सिल असते, त्यामुळे पाण्यावाचून ते तयार होत नाही. बेसॉल्टी अँडेसाइटच्या शिलारसात ते स्थिर राहण्यासाठी साधारण ४ टक्के किंवा त्याहून अधिक पाणी लागते, आणि एवढे पाणी विरघळलेले ठेवण्यासाठी काही किलोमीटर खोलीचा दाब लागतो. पृष्ठभागाजवळ शिलारसात जेमतेम ०.१ टक्का पाणी राहू शकते. म्हणून वर चढताना हॉर्नब्लेंड अस्थिर होते आणि त्याच्या कडेने पायरोक्सीन, प्लॅजिओक्लेज व मॅग्नेटाइट यांच्या बारीक कणांची काळी किनार तयार होते. ही किनार वाढायला दिवस लागतात. रदरफोर्ड आणि हिल यांनी १९९३ मध्ये माउंट सेंट हेलेन्सच्या डेसाइटमधल्या (अँडेसाइटहून अधिक सिलिकेच्या खडकातल्या) अशा किनारींची जाडी प्रयोगांशी ताडून शिलारस किती वेगाने वर आला याचा अंदाज बांधला. १८ मे १९८० च्या स्फोटक उद्रेकातल्या हॉर्नब्लेंडला किनार नाही, म्हणजे तो शिलारस फार झपाट्याने वर आला, तर नंतर सावकाश वाढलेल्या घुमटांतल्या खडकांत ती दिसते. मेरापीच्या खडकांतही किनारयुक्त हॉर्नब्लेंड नेहमी आढळते. कधी मूळ स्फटिक पूर्ण नाहीसा होऊन त्याचा फक्त समचतुर्भुज आकार काळ्या कणांच्या रूपाने उरतो. तो अपारदर्शक खनिज म्हणून मोजला जाऊ नये. आणखी एक सावधगिरी: हॉर्नब्लेंड दिसले नाही म्हणून शिलारस कोरडा होता असे ठरत नाही, कारण ज्या तापमानाला पुष्कळसा कमानी-बेसॉल्ट उद्रेक पावतो ते हॉर्नब्लेंडच्या स्थैर्यमर्यादेच्या वर असते.

पाणी गेल्याने काय होते हे कोल्हापूरकरांना गुऱ्हाळातल्या काहिलीवरून सहज समजेल: रस आटत जातो, पाणी कमी होते आणि आच चालू असतानाही घट्ट होऊन रवा धरण्याच्या बेतात येतो. शिलारसाचेही तसेच होते. तो वर चढताना तापमान फारसे उतरलेले नसते, पण पाणी वाफेच्या बुडबुड्यांत निघून गेल्यामुळे प्लॅजिओक्लेजचे हजारो सूक्ष्म स्फटिक एकदम जन्मतात आणि अँडेसाइटचा बारीक पायाद्रव्याचा भाग तयार होतो. याच प्रक्रियेने शिलारस दाट होतो, नळीत अडकतो, आतला वायू कोंडतो, आणि मेरापीसारखे ज्वालामुखी घुमट वाढवत राहून अधूनमधून ते कोसळवतात.

पायरोक्सीनबद्दल एवढेच सांगणे पुरे: कमानीतल्या अँडेसाइटमध्ये ऑगाइटच्या जोडीला ऑर्थोपायरोक्सीन असते, त्याला आपल्या प्रयोगशाळांत अजून हायपरस्थीन म्हणतात, आणि फिकट गुलाबी-हिरव्या रंगपालटावरून व सरळ विलोपनावरून ते ओळखू येते. दख्खनमध्ये त्या जागी पिजनाइट असते, जे अधिक तापमानाचे लक्षण आहे. बायोटाइट, क्वार्ट्झ आणि सॅनिडीन ही पोटॅशियम व सिलिका वाढलेल्या डेसाइट-रायोलाइटमध्ये येतात. अ‍ॅपटाइट थोड्या प्रमाणात सर्वत्र असते. मात्र अ‍ॅनहायड्राइटचा वेगळा उल्लेख करायला हवा. मेक्सिकोतील एल चिचोनच्या १९८२ च्या आणि फिलिपिन्समधील पिनाटुबोच्या १९९१ च्या प्युमिसमध्ये (सच्छिद्र, काचमय ज्वालामुखी दगडात) कॅल्शियम सल्फेटचे हे खनिज शिलारसातूनच स्फटिकलेले आढळले. गंधक सल्फेटच्या रूपात टिकण्याइतका शिलारस ऑक्सिडीकृत होता, हा त्याचा अर्थ. पावसात ते लवकर विरघळून जाते, त्यामुळे जुन्या, धुतल्या गेलेल्या प्युमिसमध्ये त्याची नुसती रिकामी जागा सापडते.

ऑक्सिडीकरणाची ही गोष्ट लोहाच्या हिशेबाला थेट भिडते. कमानीतल्या शिलारसात ऑक्सिजनची क्रियाशीलता मध्यसागरी बेसॉल्टपेक्षा साधारण दहा ते शंभर पट अधिक असते, त्यामुळे लोहाचा मोठा वाटा त्रिसंयुजी होतो आणि मॅग्नेटाइट लवकर स्फटिकते. मॅग्नेटाइटमध्ये सिलिका मुळीच नसते. ते लवकर वेगळे झाले की उरलेल्या शिलारसातले लोह घटते, सिलिका झपाट्याने वाढते, आणि बेसॉल्टपासून अँडेसाइट, डेसाइट अशी कॅल्क-अल्कलाइन मालिका तयार होते. कोरड्या, कमी ऑक्सिडीकृत शिलारसात मॅग्नेटाइट उशिरा येते आणि प्लॅजिओक्लेज लवकर. तिथे सिलिका जवळजवळ जागेवर राहते आणि लोह व टायटॅनियम वाढत जातात. हीच थोलिआइटी वाट, आणि दख्खनचा बेसॉल्ट याच वाटेवरचा. १९२० च्या दशकाअखेरीस बोवेन आणि फेनर यांच्यात शिलारस विकसित होताना सिलिका वाढते की लोह, यावर जोरदार वाद झाला होता. दोघेही आपापल्या खडकांपुरते बरोबर होते. ऑक्सिजनचा दाब हा त्यातला कळीचा मुद्दा आहे, हे ऑस्बर्न यांनी १९५९ मध्ये मांडले आणि पुढील प्रयोगांनी त्यात पाण्याची भर घातली. तरीही सगळा अँडेसाइट असा केवळ स्फटिक वेगळे होऊन बनतो असे मी म्हणणार नाही. बेसॉल्ट आणि रायोलाइट यांच्या शिलारसांचे मिश्रण, तसेच जाड भूकवचाच्या तळाशी आधीच्या खडकांचे वितळणे, यांचा वाटा अनेक ठिकाणी मोठा आहे. मध्य अँडीजमध्ये, जिथे कवच सुमारे ७० किलोमीटर जाड आहे, त्याकडे डोळेझाक करताच येत नाही.

आकड्यांत सांगायचे तर नेहमीच्या वर्गीकरणात ५२ ते ५७ टक्के सिलिकेचा खडक बेसॉल्टी अँडेसाइट आणि ५७ ते ६३ टक्क्यांचा अँडेसाइट. मेरापीचे अलीकडचे लाव्हे बहुतांशी पहिल्या गटात मोडतात, जरी व्यवहारात त्यांनाही सरसकट अँडेसाइटच म्हटले जाते. बोरोबुदूरचा स्तूप अशा अँडेसाइटी दगडाचा आणि आपल्याकडचे खिद्रापूरचे कोपेश्वर मंदिर काळ्या बेसॉल्टचे. दोन्हींच्या चुऱ्याचे पृथक्करण शेजारी ठेवले तर सिलिकेपेक्षाही टायटॅनियममधली तफावत आधी डोळ्यांत भरेल, कारण कमानीतल्या खडकांत टायटॅनियम डायऑक्साइड बहुधा १ टक्क्याच्या आसपास किंवा त्याहून कमी असते.

आता लेशमूलद्रव्यांकडे, म्हणजे खडकात अत्यल्प प्रमाणात असणाऱ्या मूलद्रव्यांकडे, येतो. सबडक्शनची खरी ओळख पटते ती इथे. भूपट्टातून सुटणारे पाणी शुद्ध नसते. त्यात सहज विरघळणारी मूलद्रव्ये, म्हणजे सिझियम, रुबिडियम, बेरियम, पोटॅशियम, स्ट्रॉन्शियम, शिसे, युरेनियम आणि बोरॉन, ती त्याच्याबरोबर वरच्या प्रावरणात येतात. निओबियम, टँटलम, झिर्कोनियम, टायटॅनियम ही मात्र पाण्यात विरघळायला नाखूश असतात, आणि निओबियम-टँटलमना तर भूपट्टातले रूटाइल हे खनिज धरून ठेवते. म्हणून प्राथमिक प्रावरणाच्या (कवच वेगळे होण्यापूर्वीच्या मूळ प्रावरणाच्या) प्रमाणांनी भागून आलेख काढला की बेरियम, शिसे, स्ट्रॉन्शियम यांची टोके वर जातात आणि निओबियम-टँटलमच्या जागी खोल खड्डा पडतो. सिरियम आणि शिसे यांचे गुणोत्तर मध्यसागरी व महासागरी बेटांच्या बेसॉल्टमध्ये साधारण २५ च्या आसपास स्थिर राहते. कमानीत ते १० च्याही खाली उतरते, कारण शिसे पाण्याबरोबर आलेले असते आणि सिरियम बहुतांशी मागे राहिलेले. थोरियमचा स्वभाव वेगळा आहे. ते पाण्यात फारसे जात नाही, पण भूपट्टावरचा गाळ वितळला की त्या द्रवातून मुबलक येते. त्यामुळे बेरियम-थोरियम आणि थोरियम-लँथॅनम ही गुणोत्तरे एकत्र पाहून पाण्याचा वाटा आणि गाळाचा वाटा निदान अंदाजाने वेगळे करता येतात.

गाळ खरोखर खाली जाऊन परत वर येतो का, या प्रश्नाचा निकाल लावणारा पुरावा मला या साऱ्या विषयात सर्वांत देखणा वाटतो. बेरिलियम-१० हे किरणोत्सारी समस्थानिक वातावरणात वैश्विक किरणांमुळे तयार होते, पावसाबरोबर समुद्रात उतरते आणि तळाच्या वरच्या गाळात साठते. त्याचे अर्धायुष्य सुमारे १४ लाख वर्षे आहे, त्यामुळे प्रावरणात ते मुळातून असण्याची शक्यताच नाही. १९८० च्या दशकात अल्यूशियन आणि मध्य अमेरिकेतल्या कमानींच्या ताज्या लाव्ह्यांत ते सापडले. म्हणजे समुद्रतळावर बसलेला गाळ गर्तेत शिरून, शंभरेक किलोमीटर खोल जाऊन, शिलारसात मिसळून पुन्हा पृष्ठभागावर यायला काही दशलक्ष वर्षेच लागतात. युरेनियम-थोरियम मालिकेतला असमतोल तर याहून वेगवान घडामोडींकडे बोट दाखवतो: टोंगा-कर्माडेक कमानीत सापडलेले रेडियम-२२६ चे आधिक्य, ज्याचे अर्धायुष्य १६०० वर्षे आहे, ते टिकण्यासाठी पाणी व शिलारस काही हजार वर्षांत वर यायला हवेत.

काही विशेष प्रकार आपल्या वाचनात येतील. भूपट्ट तरुण आणि उष्ण असेल तर पाणी सोडण्याबरोबर तो स्वतःही वितळतो आणि त्यातून अ‍ॅडाकाइट बनतो, असे प्रतिपादन डिफँट आणि ड्रमंड यांनी १९९० मध्ये केले. नाव अल्यूशियन साखळीतल्या अडाक बेटावरून आले. मागे राहणारा गार्नेट इट्रियम आणि इटर्बियम धरून ठेवतो, प्लॅजिओक्लेज मागे न राहिल्याने स्ट्रॉन्शियम वाढते, आणि स्ट्रॉन्शियम-इट्रियम गुणोत्तर उंचावते. अडचण अशी की जाड कवचाच्या तळाशी गार्नेट असला तरी हीच खूण उमटते, त्यामुळे अ‍ॅडाकाइट दिसला की लगेच ‘भूपट्ट वितळला’ असे लिहिण्याची जी प्रथा पडली आहे ती मला मान्य नाही. बोनिनाइट हा दुसरा प्रकार: सिलिका ५२ टक्क्यांहून अधिक, मॅग्नेशिया ८ टक्क्यांहून अधिक आणि टायटॅनियम डायऑक्साइड ०.५ टक्क्याहून कमी. आधीच एकदा पिळून निघालेले प्रावरण पाण्यामुळे पुन्हा वितळले की तो बनतो. इझू-बोनिन-मारियाना कमानीच्या आरंभकाळात, सुमारे पाच कोटी वर्षांपूर्वी, त्याचा उद्रेक झाला. पोटॅशियम गर्तेपासून दूर जाताना वाढत जाते, हे डिकिन्सन आणि हॅदरटन यांनी १९६७ मध्ये दाखवले होते. नियम उपयुक्त आहे, अपवादही भरपूर आहेत.

हे सगळे पाहण्यासाठी परदेशातच जायला हवे असे नाही. जावा-सुमात्राची कमान उत्तरेकडे अंदमानपर्यंत येते आणि तिथे आपला बॅरन आयलंड हा जागृत ज्वालामुखी आहे. त्याचे खडक बेसॉल्ट ते बेसॉल्टी अँडेसाइट असून त्यांत वर सांगितलेले कॅल्शियम-समृद्ध प्लॅजिओक्लेज मिळते. त्याच्या उत्तरेचा नारकोंडम मात्र हॉर्नब्लेंडयुक्त अँडेसाइट आणि डेसाइटचा आहे. एकाच कमानीवरचे दोन शेजारी इतके वेगळे का, हा प्रबंधासाठी उत्तम विषय आहे. लडाखमधले द्रास व खार्दुंगचे ज्वालामुखी खडक ही जुन्या, संपलेल्या कमानीची उदाहरणे, आणि धारवाड क्रेटनच्या (प्राचीन, स्थिर भूखंडगाभ्याच्या) गदवाल पट्ट्यातून तर निओआर्कियन काळातले (सुमारे २५० ते २८० कोटी वर्षांपूर्वीचे) बोनिनाइट नोंदले गेले आहेत.

यावरून आपल्या तिसऱ्या प्रश्नाकडे येतो. निओबियमचा खड्डा दिसला म्हणजे सबडक्शन, हे समीकरण चुकीचे आहे, आणि त्याचा पुरावा सह्याद्रीतच पडलेला आहे. दख्खनमधल्या बुशे रचनेचे बेसॉल्ट घ्या. त्यांत सिलिका आणि बेरियम वाढलेले, स्ट्रॉन्शियम समस्थानिकांचे गुणोत्तर ०.७१३ च्या वर गेलेले आणि निओबियमचा खड्डाही स्पष्ट. कोणत्याही भूपट्टाचे त्या काळी इथे सबडक्शन चालू नव्हते. शिलारस वर येताना भूखंडाच्या जुन्या कवचाचा अंश त्यात मिसळला, आणि भूखंडी कवचाची स्वतःचीच रासायनिक घडण कमानीसारखी असल्यामुळे तिची छाप उमटली. त्याच सह्याद्रीतली अंबेनळी रचना, आणि रसायनाने तिच्या जवळची आपली पन्हाळा रचना, यांत ही छाप फार फिकी आहे. दोन्हींचे नमुने एखाद्याला ठिकाण न सांगता दिले, तर बुशेचा नमुना तो बेधडक कमानीच्या रकान्यात टाकील. मेरापीबाबतही उलट दिशेने सावध राहावे लागते, कारण तिथला शिलारस वाटेतली चुनखडी गिळतो; लाव्ह्यात वोलॅस्टोनाइट व डायोप्साइडचे तुकडे सापडतात आणि कॅल्शियमचा सगळाच हिशेब प्रावरणातून आलेला नसतो.

म्हणून माझी पद्धत अशी आहे. पिअर्स आणि कॅन यांच्या १९७३ च्या टायटॅनियम-झिर्कोनियम-इट्रियम आलेखापासून सुरुवात करायला हरकत नाही, पण त्यावर थांबू नये. थोरियम-इटर्बियम विरुद्ध निओबियम-इटर्बियम हा आलेख काढावा आणि बिंदू एका ठिपक्यात जमतात की सिलिकेबरोबर तिरके वर सरकत जातात हे पाहावे. तिरकी चढण बहुधा कवचाच्या मिश्रणाकडे बोट दाखवते. सर्वांत कमी विकसित, सर्वांत जास्त मॅग्नेशियाच्या नमुन्यातही खड्डा असेल तरच प्रावरणाबद्दल बोलावे. त्याच्या जोडीला खनिजांची साक्ष हवी: हॉर्नब्लेंड, अ‍ॅनॉर्थाइटी प्लॅजिओक्लेज, लवकर आलेले मॅग्नेटाइट. ही साक्ष आणि लेशमूलद्रव्ये एकमेकांशी जुळत नसतील, तर मी खनिजांवर अधिक विश्वास ठेवतो, कारण शेजारच्या कवचाचा थोडासा अंश मिसळून बेरियम वाढवणे सोपे असते, पण कोरड्या बेसॉल्टमध्ये ४ टक्के पाणी आणणे तसे सोपे नसते.

नमुना गोळा करताना कोल्हापूरच्या पावसाचा विचार करावा. पन्हाळ्याच्या माथ्यावर बेसॉल्टचा जांभा झालेला आहे. त्याखालच्या थरांतही बेरियम, रुबिडियम, पोटॅशियम ही मूलद्रव्ये झिजेमुळे हललेली असतात, आणि कमानीची ओळख पटवणारी मूलद्रव्ये नेमकी हीच आहेत. त्यामुळे प्रज्वलनातील वजनघट (चुरा खूप तापवल्यावर कमी होणारे वजन) २ टक्क्यांहून जास्त असलेल्या नमुन्यात मी त्यांचा उपयोग करत नाही. थोरियम, निओबियम, झिर्कोनियम आणि जड विरल मृदा यांवरच भागवतो. झिओलाइट भरलेल्या पोकळ्या हातोडीने वेगळ्या काढून फक्त सलग काळा भाग दळायला द्यावा. तो टंगस्टन कार्बाइडच्या भांड्यात दळू देऊ नये: त्यातून टंगस्टन व कोबाल्टबरोबर टँटलम आणि थोडे निओबियमही चुऱ्यात उतरते, आणि मग ज्या खड्ड्यावर सगळा युक्तिवाद उभा आहे तो भांड्यामुळेच उथळ होतो. अ‍ॅगेटच्या भांड्यात वेळ जास्त लागतो, पण आपण पाठवणार असलेल्या दोन्ही नमुन्यांसाठी तेच मागून घ्या.